मोक्याचे बूट

शनिवार, १७ जानेवारी. थंडी बरीच. नळाला पाणी बेताचे. गीझर दुरुस्त करणारा येतो म्हणाला, आला नाही. मुलाच्या गुडघ्यांसाठी तेलाची नवी बाटली आणली. सुनेचे धावायचे बूट मुलाने माळ्यावरून काढून दिले. कोणी न सांगता.

सासूबाईंच्या रोजनिशीतली ही नोंद. 'कोणी न सांगता' हे मुद्दाम लिहावे इतकी ती गोष्ट नवलाची होती. त्यांचा मुलगा बुटांच्या दुकानात सेल्समन होता आणि घरात पाण्याचा पेलासुद्धा आपल्या हाताने घेत नसे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून त्याचे गुडघे कामातून गेले होते. घरी आला की तो खुर्चीत बसे, आणि बायको वाटीत कोमट तेल घेऊन त्याच्यासमोर फरशीवर बसे. ती चोळत असताना तो टीव्ही बघे. तिने हात आखडता घेतला की नुसता पाय हलवून दाखवे.

ही बायको लग्नाआधी धावायची. चांगली जिंकायची. मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा धावणे थांबले. मग मुलगी लहान होती, मग सासरे अंथरुणाला खिळले, मग घरबसल्या गाद्यांच्या खोळी शिवायचे काम आले. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली आणि घर रिकामे झाले, तेव्हा तिच्या लक्षात आले की बसथांब्यापर्यंत धावले तरी आपल्याला धाप लागते.

जवळच्या मुलींच्या शाळेत खेळाला एक मदतनीस बाई हवी होती. मुख्याध्यापिकेची अट एकच. मुलींसमोर मैदानाच्या सहा फेऱ्या न थांबता पुऱ्या करायच्या. तिला ती नोकरी हवी होती. इतकी, की तिने घरात सांगण्याआधी दोन दिवस ते वाक्य तोंडात घोळवून पाहिले.

"खेळाच्या बाई!" नवरा हसला. "शिट्टी फुंकताना चक्कर नाही आली म्हणजे मिळवलं."

"सराव शाळा सुटल्यावर असतो," ती म्हणाली. "यायला उशीर होईल थोडा."

तो हसायचा थांबला. "किती उशीर?"

"दिवे लागेपर्यंत."

त्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडू लागली. ते एक माप मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबायचा. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानापर्यंत पोचली आणि बरगडीखाली अशी कळ आली की विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. शरीराला सगळे आठवत होते, पण येत काही नव्हते. हात जुन्या सवयीने हलायचे आणि पाय मात्र कुणा दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे मागून यायचे. रात्री पोटऱ्यांत गोळे आले तर ती न्हाणीघरात जाऊन चोळायची. स्वतःसाठी त्या तेलाला तिने हात लावला नाही.

"काय वहिनी, बस चुकली का?" इस्त्रीवाला रोज विचारायचा. त्याच्या बाकावरचा पेन्शनर म्हणायचा, "अरे, नवरा मागे लागला असेल."

"तो कसला लागतोय! उठायला दोन माणसं लागतात त्याला," इस्त्रीवाला म्हणायचा.

एका सकाळी ती त्यांच्यासमोरून गेली, वळून परत आली, पुन्हा गेली, आणि तिला बोलता येईल इतका श्वास उरला. "बस तुमची चुकली," ती म्हणाली. "केव्हाच." पेन्शनरने त्यानंतर तिला कधी हाक मारली नाही.

आणि मग नवऱ्याने माळ्यावरून ते बुटांचे खोके काढले. ती ऐन भरात असताना घेतलेले बूट, जेमतेम चार वेळा वापरलेले. त्याने ते पांढरे स्वच्छ करून आणले होते, दुकानातल्या नव्या नाड्याही घातल्या होत्या. तिने खोके मांडीवर घेतले तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसले.

"आता घालू नकोस," तो म्हणाला. "त्या दिवशीच घाल. मळतील."

हे सांगायची गरजही नव्हती. चांगले ते मोक्याला, ही त्या घराची रीतच होती. काचेचा सेट कपाटात, नवी चादर पाहुण्यांना, आणि पाहुणे यायचे नाहीत. तिने बूट नुसते पायाला लावून पाहिले आणि परत खोक्यात ठेवले.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कडेला सगळी शाळा उभी होती. दुसरी उमेदवार तिच्या मुलीच्याच वयाची होती. पहिल्या दोन फेऱ्यांत ती तरुण पोरगी पुढे होती, पण तिची मान डुलू लागली होती आणि मागून येणाऱ्या बाईला ते दिसत होते. तिसऱ्या फेरीत बाईने तिला गाठले. श्वास जागेवर होता. पाय, अखेर, तिचे स्वतःचे होते.

तेवढ्यात डाव्या टाचेखाली काहीतरी मऊ झाले. शिळ्या केकसारखा सोल चुरत होता. मागे पांढरे तुकडे सांडत गेले. मग उजव्या बुटाच्या तळाचा पुढचा भाग सुटून जिभेसारखा लोंबू लागला, फट् फट् वाजू लागला. आधी एक मुलगी हसली, मग सगळी रांग. "बाई, तुमचं सामान पडलं!" कुणीतरी ओरडले. तो लोंबता तळ पायाखाली दुमडला आणि ती हातांवर पडली. उठून बूट भिरकावून ती मोज्यांवर धावली, पण खडीवर अर्धी फेरीसुद्धा झाली नाही.

मुख्याध्यापिका तिच्या गुडघ्यावरच्या रक्ताकडे न बघता म्हणाल्या, "तयारीनं यायचं असतं, बाई. मुलींना आपण तेच शिकवतो ना?"

घरी आल्यावर तिने बूट टेबलावर ठेवले. नवऱ्याने सोलचा एक तुकडा उचलला, दोन बोटांत दाबला. त्याचे पीठ झाले.

"ठेवणीतला बूट असाच मरतो," तो दुकानातल्या आवाजात म्हणाला. "वापरात राहिला तर टिकतो. ठेवला की आतून जातो. वरून कळत नाही."

"तुम्हाला कळलं होतं?"

"रोजचं काम आहे माझं. बोट लावलं की कळतं."

"बोट कधी लावलंत?"

"नाड्या घालताना," तो म्हणाला, आणि पाय पुढे केला. "तेल आण."

तिने त्या दिवशी तेल आणले. गरम केले, चोळले. सोललेले तळहात झोंबत होते.

शनिवारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसते अशा वेळी, ती कॅनव्हासचे बूट घालून दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. मालक गल्ल्यावर होता. तो नवा होता, तिला ओळखत नव्हता.

"भाऊ," तिने नवऱ्याला हाक मारली, "धावायचे बूट दाखवा."

त्याचा चेहरा उतरला. "घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"मॅडमना दाखव की!" मालक ओरडला.

तो खाली बसला. गुडघे कडकडले, शेजारच्या बाईलाही ऐकू गेले. त्याने तिचा पाय हातात घेतला, बूट चढवला, नाडी बांधली. ती दुकानाच्या टोकापर्यंत धावून आली.

"टाचेत चावतो. दुसरा."

दुसरा झाला. तिसरा झाला. "हा निळा नको, भाऊ. वरच्या फळीवरचा तो द्या." तो शिडी चढला, उतरला, पुन्हा बसला. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या मोज्यावर टपकला. तिने हात आखडता घेतल्यावर तो जसा पाय हलवायचा, तसाच तिने पाय हलवून दाखवला.

"जोरात बांधा. मला पडायचं नाहीये."

त्याच्याभोवती उघड्या खोक्यांचा ढीग झाला. शेवटी त्याला उठता येईना. त्याने खुर्चीच्या हाताकडे हात नेला, आणि तेवढ्यात ती उठली, तशी खुर्ची मागे सरकली.

"पसंत नाही एकही," तिने मालकाला सांगितले. "माणूस मात्र चांगला ठेवलाय तुम्ही. वाकतो."

बाहेर येऊन तिने कॅनव्हासच्या बुटांतला कापूस नीट कोंबला आणि भर बाजारातून धावत सुटली. इस्त्रीवाला काहीतरी ओरडला. ते तिला ऐकू आले नाही. ती घरापाशी थांबली नाही. घरावरून पुढे गेली, शाळेच्या भिंतीला वळसा घालून, दिवे लागल्यावर परतली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी लिहिले: गीझरवाला येऊन गेला, पाणी आता गरम येते. मुलगा रिक्षाने आला. तेलाची बाटली आज उघडली नाही.