बत्तीस फुटी दिवा आणि नागोराव

नागोरावांच्या हातात काहीही दिलं की ते आधी उघडून बघत. पेन दिलं तर पेन, डबा दिला तर डबा. एकदा आमच्याकडे विम्याचे एक गृहस्थ आले होते. तोंडावर पाणी मारायचं म्हणून त्यांनी आपला चष्मा क्षणभर नागोरावांच्या हातात दिला. तोंड पुसून वळतात तर चष्म्याची काडी एका हातात, भिंगं दुसऱ्या हातात आणि इवलासा स्क्रू तळहातावर. "ढिला झाल्ता, कुटंतरी पडला असता," असं म्हणत नागोरावांनी तो पुन्हा बसवून दिला. चष्मा पहिल्यापेक्षा नीट बसला हे त्या गृहस्थांनी मान्य केलं, पण विम्याचं बोलणं काही त्यांना पुढे नेता आलं नाही.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. पुण्यातली नोकरी सोडून मी नांदेडला परत आलो होतो आणि एमआयडीसीत एक शेड घेऊन एलईडीचे लांबट दिवे बनवायला लागलो होतो. चार फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी, आत एलईडी, वरून दुधी झाकण. कल्पना अशी की एकाला एक जोडत जायचं आणि हवी तेवढी लांब उजेडाची सलग रेघ मिळवायची. सांध्यावर काळा डाग दिसू नये यासाठी मी सहा महिने डोकं खाजवलं होतं. शेवटी असा खटका जमला की दोन दिवे समोरासमोर आणून दाबले की 'खट्' आवाज व्हायचा आणि सांधा कुठे आहे ते सांगूनही कळायचं नाही. हा आवाज मी आल्यागेल्याला ऐकवत असे.

नागोराव काम मागायला आले तेव्हा साठी ओलांडलेली होती. चाळीस वर्षं त्यांनी नांदेडात मांडवाच्या लायटिंगचं काम केलं होतं. लग्नं, उरूस, जयंत्या, गणपती. शहरातला एक चौक असा नव्हता की जिथे ते शिडीवर चढले नव्हते. आता गुडघे शिडीला नाही म्हणत होते. मी त्यांना मोठ्या ऐटीत दोन दिवे 'खट्' करून दाखवले आणि बटण दाबलं. त्यांनी उजेडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवा बंद केला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं,

"सुटतंय कसं?"

मी म्हणालो, सुटायची गरजच नाही, हे कायमचं आहे. नागोरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच माझ्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटली.

"जोडायला समद्यालाच येतंय साहेब," ते म्हणाले. "अक्कल सोडवायला लागती."

मी त्यांना माल तपासायच्या कामावर ठेवलं आणि त्यांनी तपासायला सुरुवात केली ती माझ्यापासून. "खामखा स्क्रू जादा हाय." "हे झाकण काढायला तुमी तीन हाताचा माणूस कुटून आणणार?" अशी त्यांची बोलणी दिवसभर चालत. राग यायचा. पण दुपारी भाकरी सोडून बसले की हाच माणूस मऊ व्हायचा. अशाच एका दुपारी ते म्हणाले, "साहेब, म्या अर्ध्या नांदेडला उजेड दाखवला. पण माजं एकबी काम दुसऱ्या दिशी जाग्यावर न्हाई बगा. रातच्याला लोकं वा वा म्हणतेत, सकाळी उठून बगावं तं मोकळं मैदान. मरायच्या आत एक तरी काम असं व्हावं, की सकाळी जाऊन बगितलं तर हाय तिथंच हाय." मग ठेच्याचं बोट चाटून त्यांनी माझ्या डब्याची कडी कशी चुकीची आहे ते सांगायला घेतलं. पण मी ते वाक्य विसरलो नाही.

म्हणून लातूरच्या बिराजदार सरांचा फोन आला तेव्हा माझ्याइतकेच तेही हरखले. सरांची अभ्यासिका होती. खेड्यापाड्यांतून आलेली, डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी सकाळी सहापासून तिथे मान खाली घालून बसत. वहीवर सावली पडणार नाही अशी उजेडाची सलग रेघ सरांना सगळ्या टेबलांवर हवी होती. आधी आठ दिवे जोडून दाखवा, आवडलं तर अख्खा हॉल तुमचा, असं ते म्हणाले. माझी पहिली मोठी ऑर्डर होती. आणि नागोरावांचं पहिलं कायमचं काम.

आदल्या दिवशी शेडमध्ये जमिनीवर आठही दिवे जोडून पाहिले. 'खट्' सात वेळा झालं. बत्तीस फुटांची पांढरी स्वच्छ रेघ लागली. मी फोटो काढले. मग टेम्पो आला आणि दिवे सोडवायला गेलो, तर एकही सुटेना. मी ओढलं, पिळलं, पाय लावून ओढलं. माझ्याच हातचा खटका मला दाद देईना. नागोराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, ते फारच लागलं.

ते उठले आणि तासाभरात त्यांच्या जुन्या मांडववाल्याचा, बांबू वाहून न्यायचा ट्रक घेऊन आले. दिवा वाकून मोडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, मोडलेल्या पायाला फळ्या बांधतात तसे. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं लावलं आणि आमची वरात लोहा, अहमदपूर करत लातूरला निघाली. चाकूरला चहाला थांबलो तर ट्रकभोवती माणसं जमली. एकानं विचारलं, झेंड्याचा खांब आहे का? नागोराव म्हणाले, दिवा आहे. एवढा लांब कशाला? "साहेबांनी बनवलाय," ते बशी फुंकत म्हणाले. पुढे कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे मात्र पाहून घेतलं.

अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर आणि जिना दोन वळणांचा. नागोरावांनी वर पाहिलं आणि खिडकीची चौकट काढायला लावली. दोर सोडून, मांडवाचे वासे चढवतात तसा तो दिवा आम्ही रस्त्यावरून वर ओढून घेतला. पुस्तकं टाकून पोरं गच्चीवर आली. त्या वर्षातला त्यांचा तेवढाच सण असावा. लाल फडक्यासकट दिवा खिडकीतून आत शिरत असताना बिराजदार सर हाताची घडी घालून बघत होते.

टांगून लावल्यावर उजेड मात्र सुरेख पडला. सर खुर्चीत बसले, वही उघडली, पेन धरून सावली शोधली, ती सापडली नाही. ते खूश झाले. मग वर बघत म्हणाले, "मधला एखादा गेला तर?"

मी वर बघून सांधे मोजायला लागलो.

"सर, ही निस्ती बगायला आणल्याली हाय," नागोराव म्हणाले. "खरी सुटती. म्हैन्याभरात आणतो."

परतताना ट्रकमध्ये मी त्यांच्यावर उखडलो. अशी कुठलीही 'खरी' नव्हती, खोटं बोलायची काय गरज होती? ते शांतपणे म्हणाले, "खोटं कुटं बोललो? म्हैना हाय की अजून."

तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा महिना. दुसऱ्या दिवशी नागोरावांनी दोन पेन्सिली सुतळीनं बांधून माझ्या टेबलावर ठेवल्या. मी हिसडे मारले, गाठ हलली नाही. त्यांनी एक टोक बोटानं ओढलं आणि ती उलगडली. मांडवाची गाठ. "वाऱ्यानं सुटत न्हाई, बोटानं सुटती. असं करा." मी आराखडे काढायचे, त्यांनी नाकारायचे, असं चाललं. नमुना तयार झाला की शेडमध्ये येईल त्याच्या हातात ते देत: कुरिअरवाला, पाण्याचे जार आणणारा, एकदा तर वीजमीटर बघायला आलेला. काही न सांगता त्याला सोडवता आला पाहिजे. "सांगावं लागलं म्हंजी आपलं चुकलं," एवढा एकच नियम. शेवटी दोन दिव्यांच्या मध्ये बोटाएवढी सरकती पट्टी आली. अंगठ्यानं ती एका बाजूला लोटली की मधला दिवा एकटा खाली येई. आणि मधला काढला तरी बाकीची रेघ विझू नये म्हणून वीज दोन्ही टोकांनी द्यायची, हीही त्यांचीच मांडवातली रीत.

अख्खा हॉल उजळला त्यानंतर नागोरावांना नवंच वेड लागलं. महिन्यातून एकदा ते पहाटेच्या एसटीनं लातूरला जात, अभ्यासिकेत मागच्या खुर्चीवर तासभर बसत आणि परत येत. वॉचमन त्यांना कुणाचे तरी आजोबा समजे. एकदा ते कौसल्याबाईंना, म्हणजे आपल्या कारभारणीला घेऊन गेले. बाई वर बघून म्हणाल्या, "ट्यूबच हाय की." हे मला नागोरावांनीच सांगितलं आणि दोन दिवस ते घरी नीट बोलले नाहीत.

सव्वा वर्षानं बिराजदार सरांचा फोन आला. मुलं वाढली होती, अभ्यासिका मोठ्या इमारतीत जाणार होती. दिवे काढून तिकडे न्यायचे होते. नागोरावांना हे सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढणार कोण?"

सरांनी लातूरचेच चार कामगार लावले होते. नागोरावांनी मला बजावलं की एक शब्द बोलायचा नाही. आम्ही दोघे कोपऱ्यात बसलो. पहिल्या कामगारानं दिवा हलवून पाहिला, जरा वेळ चाचपला, मग त्याचा अंगठा पट्टीवर गेला. दुपारच्या आत हॉल रिकामा झाला. एकही झाकण तडकलं नाही. नागोराव उठून एकेक दिवा गमछ्यानं पुसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, यांचं एकुलतं एक कायमचं कामही उतरलं. मी तसं म्हणालोसुद्धा.

"सव्वा वर्स राह्यलं, लई झालं," ते म्हणाले. "आन् बगितलं का, कुणी इच्यारलं न्हाई, सुटतंय कसं म्हणून."

गेल्या पावसाळ्यात नागोराव गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात भजन होतं. मांडव त्यांच्या जुन्या सोबत्यानं, गंगाधररावांनी घातला आणि मी आमचे वीस दिवे पाठवले. कसे लावायचे ते सांगायला येतो म्हणालो, तर मी पोचेपर्यंत लावून झाले होते. मनाशी ठरवलं होतं की हे दिवे आता उतरवायचे नाहीत. याच घराच्या दर्शनी भिंतीवर कायमचे बसवायचे. या माणसाचं एक काम तरी जागेवर राहू दे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन गेलो. दारापुढे मोकळं अंगण. मांडव नाही, दिवे नाहीत. कौसल्याबाई झाडत होत्या. गंगाधरराव दोर गुंडाळत बसले होते. माझं तोंड बघून ओशाळून म्हणाले, "इच्यारायचं राह्यलं साहेब. आज अर्धापूरला लगीन हाय, तिकडं गेले. सुटत होते, म्हणून काढले."

मला रागवायचं होतं. पण मी त्या अंगणात ड्रिल हातात धरून रडलो, आणि कौसल्याबाईंनी झाडू टाकून मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मी अर्धापूरला गेलो. लग्न कुणाचं ते ठाऊक नव्हतं, आमंत्रण नव्हतं. वर बघत बराच वेळ मांडवात उभा राहिलो. नवरीच्या काकांनी विचारलं, मुलाकडचे का? मी हो म्हणालो आणि जेवून आलो.