नवा वॉल्व्ह उघडला नाही

गाडीच्या बॉनेटला हात लावण्याआधी मिस्त्री आपल्या खाकी पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढायचा. खिशांची पांढरी अस्तरं दोन्ही बाजूंना लोंबायची. "पाहून घ्या जी," तो म्हणायचा, "मंग नका म्हणू." काम संपलं की पुन्हा तेच. खिसे बाहेर, हात वर, आणि गिऱ्हाइकाकडे रोखून पाहणारे बारीक डोळे.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, कोणी काही विचारण्याआधीच स्वतःची सफाई देणारा. अशा माणसावर आपला विश्वास बसतो का? माझा तरी बसत नव्हता. खिसे दाखवतो म्हणजे माल दुसरीकडे ठेवत असणार, असं मला वाटायचं.

हे पांढुर्ण्यातलं, ऐंशीच्या दशकातलं. मी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होतो. शेठजींची एक जुनी अँबेसेडर होती. ती ते स्वतःच चालवत, मी बाजूला बसत असे. सौसर, लोधीखेडा, तिगाव, जिथे बगीचा पाहायचा असेल तिथे आम्ही दोघं जायचो. गाडी दुरुस्तीला टाकली की शेठजी मला तिथेच बसवून जात. "नजर ठेवजो," ते म्हणत. "हे लोक चांगला पुर्जा काढून घेतात अन् जुना बसवतात. पलक झपकली की काम झालं."

म्हणून मी स्टेशनरोडवरच्या त्या टिनाच्या शेडमध्ये स्टुलावर बसायचो आणि मिस्त्रीच्या हातांकडे पाहत राहायचो. एकदा तर तो हात धुवायला गेला असताना मी त्याचा जेवणाचा डबा उघडून पाहिला. आत स्पार्क प्लग असेल अशी माझी खात्री होती. भाकर होती आणि वांग्याची भाजी. मान वर केली तर मिस्त्री दारात उभा.

"मीठ कमी हाय काय, मुनीमजी?" त्यानं विचारलं.

मी डबा बंद केला. तो हसला नाही. पुन्हा गाडीखाली शिरला.

संशयी मात्र तोही कमी नव्हता. किती वाजले म्हणून मला विचारायचा आणि मग पानठेल्यावर जाऊन पुन्हा विचारून यायचा. दवाखान्यातून औषध आणलं तर आधी बाटलीचा वास घ्यायचा. गाडीतल्या तापमानाच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. काटा काही दाखवो, हा तळहात लावून पाहणार. आणि नवा पुर्जा आला की त्याचं ठरलेलं वाक्य होतं: "नवा हाय म्हणजे चांगला हाय, हे कोनी सांगतलं?"

आमच्या संशयाला एक कारण आणखी होतं, पण ते आम्ही कोणी तोंडानं बोलत नव्हतो. शेडमध्ये बुद्धाची तसबीर होती. शेठजी तिथे आले की खुर्ची असूनही गाडीतच बसून राहत. पाणी विचारलं तर तहान नाही म्हणत. काही संशयांची मुळं गाडीच्या इंजिनात नसतात, एवढं मला तेव्हाही कळत होतं. कळून मी काही केलं नाही, हेही खरं.

त्या वर्षी फाल्गुनात तिगावकडून येताना गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, शेठजींच्या तोंडून शिव्या. कशीबशी शेडपर्यंत आणली. मिस्त्रीनं खिसे दाखवले आणि माझा हात धरून आधी इंजिनाजवळ नेला, मग रेडिएटरवर ठेवला.

"इंजिन उकळून राहिलं, आन रेडिएटर पाहा, कोमट. म्हणजे गरम पानी इथपर्यंत येऊनच नाई राहिलं. मधातला वॉल्व्ह बंद पडला."

त्या पुर्ज्याचं खरं नाव थर्मोस्टॅट. पितळेची वाटी आणि तिला एक झाकण. पाणी थंड असेल तर झाकण बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी तापलं की झाकण आपोआप उघडतं आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरमध्ये जातं. हे सगळं त्यानं मला तेव्हा समजावून सांगितलं. मी मात्र तो हे इतकं का सांगतोय, याचाच विचार करत होतो.

शेठजी म्हणाले, "काढून टाक ना मग. सगळे मिस्त्री काढूनच टाकतात. आपल्या गर्मीत त्याची जरूरतच काय?"

"उन्हाळ्यात चालते जी. थंडीत गाडी रडन. मी अर्धं काम नाई करत. नवा आना, लावून देतो."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. नवा पुर्जा मिस्त्रीला आणू द्यायचा नाही. मी नागपूरला गेलो, एका दुकानातून वॉल्व्ह घेतला आणि पुडकं घट्ट धरून परत आलो.

मिस्त्रीनं पुडकं उघडलं आणि शेडमागच्या घरात बायकोला हाक मारली. ती स्टोव्ह आणि एक गंज, म्हणजे पातेलं, घेऊन बाहेर आली. "डाळीचा गंज हाय. ग्रीस लावून ठेवान तर याद राखा," ती म्हणाली.

"आधी उकळून पाहू," मिस्त्री मला म्हणाला. त्यानं वॉल्व्ह तारेला बांधून पाण्यात सोडला. पाणी तापायला वेळ होता. मी उठलो आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो. पाच मिनिटं असतील, फार तर सात.

परत आलो तेव्हा पाणी खदखदत होतं आणि मिस्त्री गंजात पाहत उकिडवा बसला होता.

"नाई उघडला," तो म्हणाला. "नवा हाय, पन बंद हाय."

मी वाकून पाहिलं. झाकण घट्ट मिटलेलं. मी आणलेला वॉल्व्ह हाच होता का? चमकत तर होता. पण घासून चमकवायला किती वेळ लागतो? जुना, बंद पडलेला वॉल्व्ह त्याच्याकडे होताच. मी त्याच्या खिशांकडे पाहिलं. खिसे बाहेर लोंबत होते, रिकामे.

संध्याकाळी शेठजी आले. ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तू इथंच होता ना? पूर्ण वेळ?"

आता पाहा, माझी काय अडचण झाली. चहाला गेलो होतो म्हणालो तर नोकरीवर गदा. मी म्हणालो, "हो शेठजी. जागेवरून हललो नाही."

माझ्या खोटं बोलण्यानं मिस्त्रीही सुटत होता. पूर्ण वेळ माझ्या नजरेखाली असलेला पुर्जा कोण बदलणार? शेठजींची मान थोडी हललीही. तेवढ्यात मिस्त्री बोलला.

"नाई जी. मुनीमजी चहाले गेले होते. वॉल्व्ह पान्यात होता, आन इथं मी एकटाच होतो."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

"मले खोटा गवाह नाई पायजे," तो म्हणाला. "नागपूरहून दुसरा आना. साऱ्यायच्या समोर उकळू."

शेठजी हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "चोर स्वतःच सांगून राहिला की घरात कोणी नव्हतं!" त्यांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं दहा मिनिटांत वॉल्व्हची जागा रिकामीच ठेवून वरचं झाकण लावून दिलं. घरी जाताना शेठजी मला एवढंच म्हणाले, "चहा जरा कमी पीत जा."

बाजारात शेठजींचा शब्द चालायचा. आठ दिवसांत संत्र्याच्या व्यापाऱ्यांपैकी कोणाचीच गाडी त्या शेडपुढे दिसेना. मी येता-जाता पाहायचो. मिस्त्री दारात बसलेला असायचा. मला पाहून नमस्कार करायचा, आणि तोच नमस्कार मला सहन होत नव्हता. चोर असा नमस्कार करतो का? की चोरच असा करतो? माझं मन दोन्हीकडे जायचं.

महिन्याभरानं कामासाठी नागपूरला गेलो. तेव्हा राहवलं नाही, त्याच दुकानात शिरलो. "तसलेच दोन वॉल्व्ह द्या. पण मी आधी उकळून पाहणार."

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. घ्यायचे आहेत, म्हणून पाहतो."

शेजारच्या चहावाल्याला विनवून त्याच्या भांड्यात पाणी उकळलं. पहिला वॉल्व्ह सोडला. पाणी खदखदलं, बुडबुडे आले, चहावाला कंटाळला. झाकण मिटलेलंच. दुसरा सोडला. पाणी उकळायच्या आतच झाकण हळूच वर उचललं गेलं.

"माल वरूनच असा येतो," दुकानदार म्हणाला. "एखादा निघतो खराब. कोण उकळून पाहतं?"

उघडलेला वॉल्व्ह घेऊन मी पांढुर्ण्याला आलो. शेठजींना सगळं सांगितलं. त्यांनी वॉल्व्ह हातात फिरवून पाहिला. "ठेव कपाटात," म्हणाले. बस.

मिस्त्रीकडे गेलो तेव्हा तो रिकामाच बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं. नागपूर, चहावाला, बंद वॉल्व्ह, सगळं. चुकलं माझं, असंही म्हणालो. मग त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"नागपुरात एका वर्कशॉपात होतो मी," तो म्हणाला. "कार्बोरेटरचा जेट, एवढासा पुर्जा, हरवला. माह्यं नाव घेतलं, काढून टाकलं. मंग तो जेट मालकाच्याच टेबलात सापडला. पन मले सांगाले कोनी नाई आलं. सालभरानं कोनाच्या तोंडून ऐकलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी तरी आले."

आतून त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मी प्यायलो. तिनं रिकामा पेला घेतला आणि म्हणाली, "मुनीमजी, तुमच्या शेठले सांगतलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

"वॉल्व्ह कपाटात ठेव म्हणाले," मी म्हणालो.

थंडी आली आणि मिस्त्री म्हणाला होता तसंच झालं. सकाळी सौसरला निघावं तर गाडी गरमच होईना. चोक ओढून ठेवल्याशिवाय चालेना, चढावर गचके देई, पेट्रोल नुसतं पिई. शेठजींनी पंधरा दिवस काढले. मग एका सकाळी काही न बोलता गाडी स्टेशनरोडला वळवली.

"वॉल्व्ह लावून दे," त्यांनी कपाटातला वॉल्व्ह पुढे केला.

"लावतो," मिस्त्री म्हणाला. "पन आधी उकळीन. आन पाहाले तुमी उभे राहा. मुनीमजी नाई पायजेत."

शेठजींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता गाडीत बसतील. पण गाडी तरी नेणार कुठे? बाकीचे मिस्त्री वॉल्व्ह काढून टाकणारेच. ते उतरले. स्टोव्ह पेटला, डाळीचा गंज आला. पांढऱ्या धोतरातले शेठजी गंजावर वाकून उभे राहिले. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला, तो त्यांनी पुसला, पुन्हा वाकले.

"उघडला," ते पुटपुटले.

"मले ऐकू नाई आलं जी."

"उघडला म्हणतो ना!"

पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. मिस्त्रीनं तार वर उचलली आणि शांतपणे म्हणाला, "आन मागचा?"

शेठजींनी चष्मा काढला. "मागचा नाही उघडला होता," ते मोठ्यानं म्हणाले. "नागपूरचा मालच खराब होता. मुनीमानं पाहून आणलं."

माफी त्यांनी मागितली नाही. पण मिस्त्री पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून वॉल्व्ह बसवेपर्यंत ते शेडमधल्या खुर्चीवर बसले. गाडी नीट चालली, आणि पुढे कितीतरी उन्हाळे ती उकळली नाही.

इथेच थांबावं असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटतं. पण संशय आठ दिवसांत गावभर पोचला होता आणि तो खोटा ठरल्याची बातमी पानठेल्यापुढे फारशी गेली नाही. जुनी गिऱ्हाइकं आलीच नाहीत. "काही तरी असेल, उगाच कोणी बोलतं का," म्हणणारे लोक मी माझ्या कानांनी ऐकले. मी त्यांना खरं काय ते सांगायचो. ते मान हलवायचे आणि गाडी दुसरीकडे न्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या साळ्यानं इटारसीला ट्रकांच्या कामासाठी त्याला बोलावून घेतलं. बायको आधीच गेली होती. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. त्याच्याजवळ एक वळकटी होती आणि अवजारांची लोखंडी पेटी. पेटीचा कोयंडा तुटलेला, झाकण नुसतं टेकवलेलं. आयुष्यभराचे पाने, सॉकेट, सगळं त्यात.

"पानी भरून आनतो," तो म्हणाला. नळ प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"पेटीला कुलूप नाही," मी म्हणालो.

"तुमी हाव ना," असं म्हणून तो निघाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. उन्हात तो सावकाश चालत गेला, नळापाशी वाकला, सुराही भरली, तोंडावर पाणी मारलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पॅसेंजर आली तसा धावत परत आला. आम्ही दोघांनी मिळून पेटी डब्यात चढवली. झाकण उघडून आत न पाहता त्यानं ती बाकाखाली सरकवली आणि खिडकीपाशी बसला.

ती शेवटची भेट. इटारसीला जाणाऱ्या कितीतरी लोकांना मी त्याच्याबद्दल विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.