मामांचा नारळ आणि बाबांच्या हृदयातली काळी जागा

आधीच सांगते, मी एमआरआय टेक्निशियन आहे. दिवसभर मशीनपुढे बसते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझे मामा किन्हीराजाचे पाणाडे, जमिनीतलं पाणी शोधून देणारे. तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरायचे, नारळ उभा राहिला की तिथं बोअर! मी त्यांची भरपूर टिंगल केलीय... आता नाही करत.

मागच्या वर्षी जिना चढताना बाबांच्या छातीत भरून यायला लागलं. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. शेवटी वाशिमला, मी काम करते त्याच सेंटरवर, हृदयाचा एमआरआय ठरला. शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडतात. रक्तासोबत ते जिथं पोचतं तो भाग स्क्रीनवर उजळतो, रक्त कमी पोचतं तिथं काळं राहतं. पण सुईचं नाव काढताच बाबा अडून बसले. रिसोडला सोयाबीन न्यायचंय म्हणे!

सोबत आलेल्या मामांनी पिशवीतून नारळ काढला. सकाळी अकरा वाजता, भर वेटिंग रूममध्ये! तो तळहातावर ठेवून बाबांच्या छातीवरून हात फिरवला. सगळीकडे नारळ ताठ उभा होता, डाव्या बाजूला खाली आला आणि आडवा पडला.

"भाऊजी, इथं रगत कमी पोचून राह्यलं," मामा म्हणाले, आणि तिथं कुंकवाचा टिपका लावला. पाणी असलेल्या जागेवर ते नेहमी खूण करतात, नसलेल्या जागेवर पहिल्यांदाच केली.

बाबांची विहीर मामांच्याच शब्दावर खोदलेली. बाबा सुईला तयार होऊन आत गेले. मी चिडून टिपका पुसला, पण जागा ध्यानात राहिली.

कॉन्ट्रास्ट सोडलं. हृदय उजळत गेलं... आणि टोकाजवळ एक जागा काळीच! मी खुर्चीवरून उठलेच. डॉक्टरांना नारळाचं काहीच माहीत नव्हतं, तरी स्क्रीनवर त्यांचं पेन बरोबर टिपक्याच्या जागेवर टेकलं. अकोल्याला अँजिओग्राफी झाली, एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला, बाबा वाचले!

मामांना विचारलं, हे कसं?

"मले काय मालूम, माय. मी तं फक्त हात सरळ धरतो."

तीन महिन्यांनी फेरतपासणी होती. कॉन्ट्रास्ट भरून तयार होतं, आणि मीच म्हणाले, "मामा, आधी नारळ काढा." त्याच जागी नारळ ताठ उभा राहिला. स्कॅनची वाटही न बघता मी रडायला लागले. नंतर स्क्रीनवरही ती जागा उजळली. नारळाला आधी कसं कळलं, ते मला अजून सांगता येत नाही.