टाकी आली की परत

पाण्याच्या टाकीपाशी आलो तेव्हा मला जराही दम लागला नव्हता. कालव्याकडेची वाट सपाट, ऊन कललेलं. मी म्हटलं, "वन्सं, पुढच्या पुलापर्यंत जाऊ या की!"

"वहिनी, निघताना काय ठरलं होतं?"

"टाकी."

"मग झालं तर." आणि ती वळलीसुद्धा.

ही माझी नणंद. माझ्याहून बरीच लहान, म्हणून 'वन्सं' हे आपलं चेष्टेनं. एका मोठ्या हॉस्पिटलातली कॉम्प्युटरची कामं पार पाडून घेणं ही तिची नोकरी. स्वतः ती मशीनला फारसा हात लावत नाही. कोणतं काम कुणी करायचं, तो आला नाही तर दुसरा कोण, वीज गेली तर काय, हे सगळं आधी बसून ठरवायचं. घरीही तेच. चार पाहुणे येणार म्हटलं की विचारते, "गॅस मध्येच संपला तर?" तिचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणतात, "हिला जेवायला बोलवायचं तर आधी विमा उतरवायला हवा." ती हसते, आणि सिलिंडर हलवून बघतेच.

तिच्या कामात परत फिरायची वेळही आधीच ठरवतात. जुनं बंद करून नवं सुरू करताना अमुक वाजेपर्यंत जमलं नाही, तर मुकाट्यानं जुन्यावर यायचं. डोकं थंड असतानाच हे ठरवायचं, कारण ऐन वेळी कुणाचाच पाय मागे निघत नाही.

गेल्या महिन्यात तिचाही निघाला नाही. रुग्णांच्या औषधांची नोंद नव्या कॉम्प्युटरवर घ्यायची होती. परत फिरायची वेळ रविवारी दुपारी दोन, तिनंच ठरवलेली. दोनला दोन वॉर्ड अजून अडलेले. तिचे साहेब म्हणाले, "एवढं केलंय, आता अर्ध्या तासासाठी कशाला मागे जायचं?" ती 'बरं' म्हणाली. अर्ध्या तासाची संध्याकाळ झाली. त्या गोंधळात एका म्हाताऱ्या गृहस्थांना सकाळीच दिलेलं औषध पडद्यावर 'दिलेलं नाही' असं दिसलं. नर्स ते पुन्हा द्यायला आली. उशाशी बसलेली लेक म्हणाली, "अहो, सकाळीच तर दिलंत!" म्हणून निभावलं. मग सगळं पुन्हा जुन्यावर आणायला सोमवार उजाडला.

हिला कुणी शब्दानं बोललं नाही. तांत्रिक अडचण म्हणून विषय मिटला. पण हिच्या मनातून ते म्हातारे गृहस्थ जाईनात.

येत्या रविवारी पुन्हा तेच काम होतं. परतताना तिनं तोच विषय काढला. मी म्हटलं, "देवानं त्या लेकीला तिथं बसवलं होतं, असं समज."

"समजते. पण प्रत्येक खाटेपाशी लेक नसते गं."



थोडं चालल्यावर तीच म्हणाली, "साहेबांना मी नाही म्हणू शकते. मला भीती माझीच वाटते. त्या खोलीत बसलं की आता होईलच, आता होईलच, असं वाटत राहतं. सगळ्यांनाच वाटतं."

"मी देवाजवळ बसेन तुझ्यासाठी."

"बस. पण फोन जवळ ठेव. दोन वाजता मला लाव."

"मी? अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच तू. ज्यांना कळतं ते सगळे माझ्यासारखेच तिथं अडकलेले असणार."

"बरं, लावते. आणि बोलू काय?"

ती थांबली. माझा हात धरून म्हणाली, "एवढंच विचार, टाकी आली का? आणि मी 'अजून थोडंसंच' म्हटलं ना वहिनी, तर रागावले तरी फोन ठेवू नकोस."