काडेपेटीतलं बोट

मास्तर गेल्याची बातमी महादूनं आणली तेव्हा मी एका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होतो. एक डोळा झाला होता. रोडपालीचा हा म्हातारा शेतकरी कारखान्याच्या दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर गेलं आपलं. सकाली, चा पिता पिता." मी कुंचला खाली ठेवला नाही. आधी दुसरा डोळा पुरा केला आणि मगच उठलो. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल, पण आखणी अर्धी टाकून गेलो असतो तर सदाशिवमास्तरांनी तिरडीवरून उठून मला फैलावर घेतलं असतं.

आता गणपती बसून विसर्जनही झालं आहे. कारखान्याच्या फळ्या रिकाम्या आहेत आणि मला बसून लिहायला सवड आहे. मी मूर्तिकार, लेखक नव्हे. पण मास्तरांबद्दल पनवेलकरांना एक गोष्ट चुकीची माहीत आहे, आणि ती दुरुस्त करणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही...

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आणि शिक्षक कमी पडले की विज्ञानही. शाळा सुटली की रोज संध्याकाळी माझ्या कारखान्यात येऊन शाडूच्या पोत्यावर बसायचे आणि आयुष्यात मातीला हात न लावलेला हा माणूस मला सांगायचा, "बाबूराव, यंदा सोंड आखूड झालीय." मी म्हणायचो, "मास्तर, तुम्ही आधी फळ्यावर शिवाजीमहाराजांचा घोडा काढता तो गाढवासारखा दिसणार नाही एवढं बघा." मग चहा यायचा. भांडण आणि चहा, वीस वर्षं. माणूस अत्यंत हट्टी. अंदाजपंचे बोलणं त्यांना खपायचंच नाही. वेळ विचारली तर 'सव्वापाच' म्हणणार नाहीत, घड्याळ बघून 'पाच वाजून सतरा मिनिटं' म्हणतील. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर भर वर्गात पोरांसमोर खुशाल सांगतील, "माहीत नाही." दुसऱ्या कुठल्या मास्तराच्या तोंडून हे दोन शब्द मी आजवर ऐकलेले नाहीत.

एका मार्गशीर्षात महादू त्यांना शोधत कारखान्यात आला. खाडीच्या वरच्या अंगाला, माळावर, बांधासाठी माती काढताना त्याच्या कुदळीला मोठा रांजण लागला होता. "आत हाडं हायत मास्तर. मानसाची. आमी हात नाय लावला," तो म्हणाला. आम्ही तिघं चालतच गेलो. रांजणात हातापायांची हाडं नीट जुळवून ठेवली होती, शेजारी दोन काळी वाडगी. कुणीतरी कुणाला फार मायेनं ठेवलं होतं, एवढं मलाही कळलं. महादूनं विचारलं, "किती जुना आसंल? आमच्या आज्याच्या आज्याचा?" मास्तर म्हणाले, "माहीत नाही. पण शोधून सांगेन." तो शब्द त्यांनी महादूला दिला आणि पुढची सगळी वर्षं त्या शब्दामागे धावले.

सरकारी अधिकारी येऊन पाहून गेले, टिपणं घेतली, आणि पुढची व्यवस्था होईपर्यंत हाडं शाळेत ठेवायला परवानगी मिळाली. मास्तरांनी काचेचं कपाट मिळवलं आणि सुंदर अक्षरात पाटी लिहिली. कुठे सापडलं, कुणाला सापडलं, सगळं. शेवटची ओळ होती 'वय :' आणि पुढे मोकळी जागा. हेडमास्तर म्हणाले, "सुमारे दोन हजार वर्षं लिहून टाका की, कोण तपासायला येतंय?" मास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

हवा लागली तशी हाडं झिजायला लागली. कपाटाच्या तळाशी रोज पिठासारखा भुगा दिसायचा. मे महिन्यात मास्तर मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाले तेव्हा कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाबूराव, सांभाळ. मोडू देऊ नकोस." बस्स, एवढंच म्हणाले. आता मोडकं सांभाळायची आम्हा मूर्तिकारांची एकच रीत. मी मंद आचेवर सरस विरघळवला, पातळ केला आणि एकेका हाडाला मऊ कुंचल्यानं तीन तीन हात दिले. सावलीत वाळवलं. देवाच्या मूर्तीला जितक्या निगुतीनं देतो तितक्याच. हाडं अशी टणक झाली की बोटानं वाजवावीत! मास्तर परत आल्यावर त्यांनीही माझी पाठ थोपटली. दोघंही सारखेच अडाणी होतो तेव्हा.

काही वर्षांनी मास्तरांनी वाचलं की हाडांचं वय काढणारी प्रयोगशाळा मुंबईत सुरू झाली आहे. त्यांनी पत्रं लिहिली, परवानग्या काढल्या, आणि एके दिवशी हाडं बिस्किटाच्या डब्यात कापसात घालून आम्ही एस.टी.त बसलो. डबा वाटभर मास्तरांच्या मांडीवर होता, आणि चेहरा मुलाच्या निकालाला निघालेल्या बापासारखा. प्रयोगशाळेतला तरुण शास्त्रज्ञ भला माणूस होता. त्यानं मला कळेल असं सांगितलं. जिवंत असेपर्यंत माणूस अन्नातून एक खास प्रकारचा कार्बन घेत असतो. मेला की घेणं थांबतं, आणि असलेला फार सावकाश पण ठरलेल्या गतीनं घटत जातो. किती उरला ते मोजलं की मरून किती वर्षं झाली ते कळतं. मग त्यानं एक हाड उजेडात धरलं. ते चकाकत होतं. "याला काय लावलंय?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "सरस. मी लावला."

तो पोरगा कपाळाला हात लावून बसला. सरस म्हणजे आजकालच्या गुरांची हाडं-कातडी उकळून केलेला. तो जुन्या हाडात मुरला. आता मोजायला घेतलं तर तो माणूस आणि कालपरवाची गुरं एकत्रच मोजली जाणार, धड कुणाचंच वय निघणार नाही. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं असं करावं?" तो म्हणाला. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. वर्गात उभं केलेल्या मुलासारखे. आणि मी... मी गप्प राहिलो. शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो.

परतीच्या एस.टी.त मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मास्तर, का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तुला मोडू देऊ नकोस म्हणालो होतो. तू मोडू दिलं नाहीस. चूक सांगणाऱ्याची." गावात बातमी पसरली. मास्तरांनी हाडांना सरस फासून वाटोळं केलं म्हणून लोक कट्ट्यावर हसले, पोरं वर्गात मागून 'सरस' म्हणून ओरडायची. मीही एकदोनदा त्या हसण्यात सामील झालो. हे लिहिताना हात जड होतो आहे, पण लिहितो. सरस मी लावला होता. मास्तरांनी नव्हे. पनवेलकरांनो, हसायचं तर मला हसा.

महादूला सगळं सांगितलं तेव्हा तो कुदळ घेऊन माळावर गेला. परत येऊन कमरेची पुरचुंडी सोडली आणि एक हाड पुढे केलं. बोटाचं, इवलंसं. "समदी नेली तर जागा उघडी पडंल, म्हनून तवा येक परत पुरलं व्हतं. त्याला कायच लावलेलं नाय." मास्तरांनी लगोलग मुंबईला पत्र धाडलं. उत्तर आलं की मोजायला मूठमूठ हाडं लागतात, एवढ्यानं भागणार नाही. पण यंत्रं सुधारत आहेत. एक दिवस एवढंसंही पुरेल. तोवर त्याला काहीही लावू नका. त्यानंतर मास्तरांनी त्या बोटाचा विषय कधी काढला नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात एक काडेपेटी होती, दोऱ्यानं बांधलेली. वर मास्तरांचं ते सुंदर अक्षर. 'वय :' आणि पुढे मोकळी जागा. त्याखाली, 'यास कोणीही काहीही लावू नये.' आणि अगदी खाली, 'माझ्या मागे बाबूरावाकडे द्यावी.' वहिनी म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं होतं, शाळेत देऊया. ऐकलं नाही. म्हणाले, तो सांभाळील." मी तिथेच पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

काडेपेटी आता कारखान्यात सरसाच्या भांड्याच्या वरच्या फळीवर आहे. कधीतरी उघडून बघतो. खालच्या कागदावर चिमूटभर भुगा पडलेला असतो. माझा हात आपसूक कुंचल्याकडे जातो, चाळीस वर्षांची सवय... तो मी मागे घेतो आणि पेटी पुन्हा दोऱ्यानं बांधून ठेवतो.