परीक्षा दोघांची होती

आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रक यायचं. वडील कारखान्यात फिटर होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. खडकीच्या क्वार्टरमधली पुढची खोली म्हणजे त्यांचं कार्यालय. मी आयुष्यात पहिल्यांदा सलग काही वाचलं असेल तर ते 'आठ तासांचं काम म्हणजे काय?' या मथळ्याचं पत्रक. बुद्धविहारातून शिक्षणावरची पत्रकं यायची, तीही मी पाठ करायचे. गोष्टींची पुस्तकं नंतर आली आणि सुरुवातीला मला ती मिळमिळीत वाटली. त्यात कुणी कुणाकडे काही मागतच नव्हतं.

वडिलांनी मला लिहायला शिकवलं तसं बोलायलाही शिकवलं. गेट मीटिंगमध्ये, म्हणजे पाळी सुटताना कारखान्याच्या दारात होणाऱ्या सभेत, बोलायचा त्यांचा एक नियम होता. श्वास वाक्याच्या मध्ये घ्यायचा, शेवटी नाही. शेवटी घेतला की समोरचा घुसतो. वाक्य संपलं की लगेच पुढच्या वाक्याचा पहिला शब्द टाकायचा आणि मग हवं तेवढं थांबायचं. अर्ध्या वाक्यावर माणसाला कुणी तोडत नाही. मी शाळेपासून अशीच बोलते. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवली ती याच जोरावर.

कॉलेज संपल्यावर मी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि सोसायट्यांच्या नोटिसा टाइप करत होते. तेव्हा एका लहानशा संस्थेतली जागा कळली. काम असं: कंत्राटी कामगारांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं आणि त्यांच्या परिस्थितीचे अहवाल इंग्रजीत लिहायचे. हे काम माझ्यासाठीच काढल्यासारखं होतं. संस्था चालवणारे गृहस्थ सरळ बोलणारे होते. म्हणाले, "तुमचं मराठी वाचलंय, त्याबद्दल प्रश्न नाही. पण इंग्रजीचं इंटरमीजिएटच्या, म्हणजे मध्यम पातळीच्या, वरचं प्रमाणपत्र लागतं. अहवाल बाहेर जातात. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत आणा, तोवर जागा ठेवतो. मग मात्र दुसऱ्याला बोलवावं लागेल."

परीक्षा कोथरूडला, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका क्लासमध्ये होती. वाचन, ऐकणं, लेखन हे सगळं संगणकावर झालं. मग बोलण्याची परीक्षा. ती जोडीनं असते. माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. परीक्षक मॅडमनी आमच्यापुढे चित्रांचा कागद ठेवला. त्यावर शहराचा नकाशा, सायकल, मोबाइल, भाषेचा वर्ग आणि गाइडबरोबरची सहल अशी चित्रं होती. शहरात नवीन आलेल्या माणसाला यातल्या कोणत्या दोन गोष्टी सगळ्यात उपयोगी पडतील, हे दोघांनी बोलून ठरवायचं होतं.

मी बोलले. यातलं काहीच उपयोगी नाही, घर पाहिजे, असं म्हणाले. आडनाव विचारून खोली नाकारणारे मालक, अनामत रक्कम, शहरावर हक्क कुणाचा, सगळं इंग्रजीत मांडलं. अडखळले नाही. शेवटी मॅडमनी घड्याळ पाहून हात वर केला तेव्हा मी निम्म्या वाक्यात होते. उतरताना जिन्यात मला वाटलं, जागा आपली.

निकाल आला. वाचन, लेखन, ऐकणं वरच्या पातळीचं. बोलणं इंटरमीजिएट. प्रमाणपत्रावर सगळ्यात खालचीच पातळी छापतात, त्यामुळे एकूण इंटरमीजिएट.

मी तडक कोथरूड गाठलं. मॅडम चहा पीत होत्या. त्यांनी मला खुर्ची दाखवली.

"आपण छान बोललात," त्या म्हणाल्या. "फक्त परीक्षा दोघांची होती."

"मी त्याला अडवलं नव्हतं."

"नव्हतंच. जागाही ठेवली नव्हती."

"माझ्या विचारांना गुण कमी दिलेत का?"

"विचारांना आमच्याकडे गुणच नसतात. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी नुसत्या बोलण्याची परीक्षा परत देता येते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. द्यायची असेल तर बाहेर ऑफिसात सांगून जा. आणि दार ओढून घ्या, एसी चालू आहे."

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. 'मध्यम कोण ठरवणार?' असा मथळा दिला. हे शहर इंग्रजी पायऱ्या-पायऱ्यांनी विकतं आणि प्रत्येक पायरीवर तिकीट फाडतं, असं पहिलंच वाक्य होतं. ते वाक्य आजही मला खरं वाटतं. दोन्ही उमेदवारांवर अन्याय झाला, असंही त्यात लिहिलं. क्लासच्या खाली उभं राहून ते वाटायचं मी ठरवलं होतं.

वडिलांनी चष्मा पुसून ते वाचलं. पत्रक वाचताना ते चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.

"हा दुसरा उमेदवार, त्याची सही घेतलीस?"

"अजून नाही."

"तो काय म्हणाला होता परीक्षेत?"

"काही नाही. गप्प बसला होता."

"मग तुला कसं कळलं त्याच्यावर अन्याय झाला?" त्यांनी कागद परत दिला. "माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या नावानं पत्रक काढायचं नाही. इतकी वर्षं काय ऐकलंस इथं बसून?"

त्या मुलाचा नंबर क्लासच्या ग्रुपवर होता. फोन केला तर तो आधी घाबरला, मग कोथरूड डेपोजवळच्या एका अमृततुल्यात भेटायला तयार झाला. यवतमाळकडचा. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता आणि तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. त्यानं खारी चहात बुडवत पत्रक नीट, शेवटपर्यंत वाचलं.

"भारी लिहिता जी तुम्ही," तो म्हणाला. "पण याच्यात मी कुठं आहो?"

"हे काय, 'दोन्ही उमेदवारांवर'."

"अन्याय तर झाला ना माझ्यावर. नाही म्हणत नाही. पण तो मॅडमनं नाही केला." त्यानं पत्रक माझ्याकडे सरकवलं. "वाईट नका मानू."

मी पुढचं वाक्य तयार केलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"एकच तर गोष्ट होती. तोंडात जुळवून ठेवली होती. तुम्ही थांबता का, थांबता का, म्हणून वाट पाहत होतो. तुम्ही थांबायच्या, मी तोंड उघडायचो, तर तुमचं वाक्य अर्ध्यावरच. मधात कसं बोलावं माणसानं?"

"आता सांगा."

त्यानं ती गोष्ट इंग्रजीत सांगितली, सावकाश, दोनदा मागे जाऊन. गावाहून येऊन तो पुण्यात एसटीतून उतरला तेव्हा मोबाइल होता, त्यात नकाशाही होता. पण समोरून एकामागून एक बस जात होत्या आणि कोणत्या बसला हात करायचा ते कळत नव्हतं. एका काकांना विचारलं. ते म्हणाले, बोर्ड वाचता येतो ना? येतो, तो म्हणाला. मग वाचा, असं म्हणून ते काका पुढे गेले.

"पुण्यात लोक उत्तर देतात," तो मराठीत आला, "पण असं देतात की दुसरा प्रश्न विचारायची हिंमतच राहत नाही. म्हणून मी त्या चित्रातला भाषेचा वर्ग निवडणार होतो. इंग्रजीचा नाही. तुमच्या मराठीचा."

तो हसला. मीही हसले, पण माझे कान तापले होते. शहरात नव्यानं आलेल्या माणसाबद्दल मी, खडकीत जन्मलेली, वेळ संपेपर्यंत बोलले होते. आणि तो नवा माणूस उजव्या हाताला बसून वाट पाहत होता. त्यानं सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट माझ्या भाषणात नव्हती. माझ्या पत्रकातही नव्हती.

पत्रक मी पिशवीत ठेवलं. राग गेला नव्हता. इंग्रजीच्या बाजाराबद्दल मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे, हे मी त्याला तिथंच सांगितलं. तोही म्हणाला, बरोबरच आहे, फी तर मीही भरतो. पण ती जागा मला हवी होती आणि तिथलं कामच मुळी लोकांना विचारायचं होतं. जिला शेजारच्या उमेदवाराकडून एक वाक्य काढून घेता आलं नाही, तिनं कामगारांच्या मुलाखती कशा घ्यायच्या? प्रमाणपत्राचं राहू दे, हेच मला झोंबलं.

"रविवारी परत देता का परीक्षा?" मी विचारलं.

"माझी शिफ्ट आहे त्या रविवारी. पुढच्या बॅचला देईन. पण सराव करायचा असेल तर करू. तुम्हाला गप्प बसायचा, मला बोलायचा."

त्याची ड्यूटी सुटली की आम्ही कोथरूडमधल्या एका बागेत बाकावर बसायचो. नियम मी केला: त्याचं म्हणणं त्याला पटेल असं माझ्या इंग्रजीत सांगितल्याशिवाय मी माझं मत मांडायचं नाही. पटलं की नाही, ते तो ठरवणार. पहिल्या संध्याकाळी विषय निघाला, आयटीवाल्यांना संघटना हवी की नको. तो म्हणाला, भीती वाटते. मी त्याचं म्हणणं सांगितलं: तुम्ही म्हणता की व्यवस्थेनं कामगारांच्या मनात दहशत निर्माण केली आहे.

"मी काऊन असं म्हणीन? मी म्हटलं, भीती वाटते."

"तेच."

"तेच नाही. परत सांगा."

मी परत सांगितलं. परत नापास. शेवटी विचारलं, कशाची भीती? तर निघालं की बहिणीचं शिक्षण त्याच्या पगारावर चाललं होतं. नोकरी गेली तर आधी तिचं कॉलेज सुटणार. हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हां. पास. आता द्या तुमचं भाषण, मी चहा सांगतो."

माझ्या इंग्रजीचं खरं दुखणं त्या बाकावर कळलं. शोषण, विषमता, प्रतिनिधित्व, असले जड शब्द मला बेधडक येत होते. पण 'म्हणजे कसं?', 'मग काय झालं?', 'तुम्हाला असं का वाटतं?' हे विचारताना जीभ अडखळायची. हे शब्द मी कधी वापरलेच नव्हते. पत्रकात ते लागत नाहीत. त्यांचा मी रियाज केला. बसमध्ये केला, दुकानात टाइप करताना पुटपुटले, घरी वडिलांवर वापरले. मी इंग्रजीत "मग काय झालं?" विचारलं की ते मराठीत अख्खा संप सांगायचे. कितीतरी गोष्टी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. सगळ्यात कठीण गेलं ते वाक्य संपल्यावर तोंड मिटणं. सुरुवातीला प्रत्येक वेळी वाटायचं, आपण मैदान सोडून देतोय.

रविवारी चिठ्ठीत माझ्या वाट्याला एक कॉलेजची मुलगी आली. कोथरूडचीच, लहानपणापासून इंग्रजी माध्यमातली. तिचं इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं यायचं. ती फक्त परदेशी विद्यापीठाला कागद हवा म्हणून बसली होती. जुना राग उसळला. आणि विषय निघाला तो असा: एका बंद पडलेल्या कारखान्याची जागा मोकळी झाली आहे, तिथं काय व्हावं? मॉल, बाग, दवाखाना, घरं, संग्रहालय. यातलं दोन निवडा.

या विषयावर मी झोपेतही बोलले असते. मुलगी म्हणाली, मॉल. माझ्या तोंडात अख्खं पत्रक जुळलं होतं. मी ते तसंच ठेवलं आणि विचारलं, "मॉल का?"

तिला वाटलं होतं, मी विरोध करेन. ती म्हणाली, तिच्या आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फुटपाथवर दुचाक्या असतात, बागेतल्या फरशा उखडलेल्या. सपाट जमीन आणि बसायला जागा फक्त मॉलमध्ये मिळते. आई आजीला तिथं फक्त चालायला नेते.

"म्हणजे तिला मॉल नकोय," मी म्हणाले. "सपाट जमीन हवी आहे."

"हो. आणि स्वच्छ टॉयलेट."

"मग बागेतच हे सगळं असेल तर?"

ती विचारात पडली. मला म्हणाली, "तुला काय हवंय?" मी सांगितलं: घरं. कारखान्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना त्याच जागेवर. ती म्हणाली, पण मोक्याची जागा आहे, परवडणार कुणाला? मी म्हणाले, ती विकायचीच नाहीत, भाड्यानं द्यायची. तिनं आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. घरांवरून मी हटले नाही. मॉलवरून ती हटली, पण स्वच्छतागृहाची अट तिनं सोडली नाही आणि ती अट माझ्या डोक्यात कधीच आली नसती. मॅडमनी हात वर केला तेव्हा आमची घरं आणि बाग ठरून झाली होती, आणि दवाखाना का नको यावर वाद पेटला होता.

निकालाचा कागद घ्यायला गेले तेव्हा मॅडमनी तो पुढे सरकवला. बोलणं वरच्या पातळीचं.

"लेखन मात्र तेव्हाही घोषणा दिल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या.

"ते तसंच राहणार आहे, मॅडम."

"वाटलंच होतं," असं म्हणून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

मी जिन्यातूनच संस्थेत फोन लावला. ते गृहस्थ म्हणाले, सोमवारपासून या. पहिलं काम कारखान्यांजवळच्या वस्तीतलं, गावाहून नुकतेच आलेले कामगार. मी विचारलं, प्रश्नावली तयार आहे का? ते म्हणाले, नाही, तुम्हीच करा.

मी रस्त्यावर येऊन त्या यवतमाळच्या मुलाला फोन केला. पास झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, गावाहून आलेल्या माणसाला आधी काय विचारावं?

"शिफ्टवर आहो," तो म्हणाला. "सुटल्यावर बागेत भेटू. विचार करून सांगतो."

मी बागेत जाऊन बाकावर त्याची वाट पाहत बसले.