तालमीच्या कुलपाला रबराचे उत्तर

बुद्धविहाराचा फळा वाचणाऱ्या भावांनो, तालमीच्या दारातून हाकलला गेला नाही असा आपल्यात कोण आहे? “पहिले हे वजन उचला, मंग आत या,” ही उस्तादांची अट. आणि सरावाचे लोखंड मात्र कुलपात!

म्हणून आम्ही वाडीच्या ट्रक-गॅरेजांतून फाटक्या ट्यूब आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि कडुनिंबाला बांधून वर्षभर ओढल्या.

आज सकाळी आपल्या दिलीपने तेच वजन सर्वांसमोर डोक्यावर उचलले. उस्ताद नरमले. “उद्यापासून येत जाय गा.”

“काहून? आता तुमचेच पोट्टे आमच्याकडे येतीन,” दिलीप म्हणाला.

मला एवढ्याने समाधान नाही. मला ती तालीम ओस पडलेली पाहायची आहे. उद्या सकाळी सहाला प्रत्येकाने तिथला एकेक गडी फोडून कडुनिंबाखाली आणावा.